जनुक-उपचाराची वाट पाहताना: सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या कुटुंबांसाठी

"आमच्या मुलाला क्रिस्पर कधी मिळेल?" थॅलेसेमिया आणि सिकलसेल असलेल्या मुलांच्या पालकांकडून हा प्रश्न हल्ली सारखा येतो. २०२३ च्या अखेरीला ब्रिटनने आणि पाठोपाठ अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या क्रिस्परवर आधारलेल्या जनुक-उपचाराला मान्यता दिली, तेव्हापासून ही विचारणा सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या देशी उपचाराची बातमी आली, तिच्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं नाव होतं, आणि विचारण्याचा सूरच बदलला. आता पालक विचारतात, "मग तोवर बाकीचं थांबवू का?" कुणी भावंडांच्या मूळपेशी जुळतात का ते पाहणारी एचएलए तपासणी पुढे ढकलली आहे, कुणी हायड्रॉक्सियुरिया बंद केलं आहे, कुणी लोह उतरवायच्या गोळ्यांचा कंटाळा करायला लागलं आहे.

काहीही थांबवू नका. नव्या उपचारासाठी रुग्ण निवडताना डॉक्टर पहिल्यांदा त्याचं यकृत, हृदय आणि फुफ्फुसं बघतात. ती आजच्या उपचारांवरच टिकून राहायची आहेत. आज गोळ्या चुकल्या तर उद्या तो उपचार दारात आला तरी तुमच्या मुलाला कदाचित घेता येणार नाही. त्यासाठी काय करायचं, कुठे फसगत होऊ शकते आणि कायद्याने तुमच्या हातात काय आहे, ते इथे एकेक करून बघू.

हा उपचार नेमकं काय बदलतो

निर्णयाला लागेल तेवढंच सांगते. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात 'हिमोग्लोबिन एफ' असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते बनणं जवळजवळ थांबतं आणि त्याची जागा मोठ्या माणसांचं 'हिमोग्लोबिन ए' घेतं. सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमियाचा दोष या दुसऱ्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत आहे. म्हणून ही बाळं जन्मतः ठणठणीत दिसतात आणि सहा महिने ते वर्षभरात आजारी पडू लागतात. सिकलसेल असलेल्या नवजात बाळांना त्रास का होत नाही, हे जेनेट वॉटसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ मध्येच टिपलं होतं.

एफ बंद करण्यात मोठा हात 'बीसीएल-११ए' नावाच्या जनुकाचा आहे, हे २००८ मध्ये स्पष्ट झालं. कॅसजेव्हीत रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून, या जनुकाचा जोर लाल पेशींमध्ये वाढवणाऱ्या एका छोट्या तुकड्यावर क्रिस्परने काप घेतात. पंख्याची मोटर तशीच ठेवून रेग्युलेटर खाली आणावा, तसं हे आहे. बीसीएल-११एचा जोर लाल पेशींपुरता उतरतो आणि एफ पुन्हा बनू लागतं.

यातून तीन गोष्टी निघतात, आणि त्या नीट लक्षात घ्या:

- मूळ दोष दुरुस्त होत नाही. सिकलसेलचं जनुक शरीरात तसंच राहतं, फक्त एफ त्याला पुरून उरतं.
- अल्फा थॅलेसेमियात हा मार्ग उपयोगाचा नाही, कारण एफलाही अल्फा साखळी लागतेच. हिमोफिलियालाही तो लागू नाही, तो तर निराळाच आजार आहे.
- बदल फक्त रक्त तयार करणाऱ्या पेशींत होतो. स्त्रीबीज आणि शुक्राणू होते तसेच राहतात. याबद्दल शेवटी बोलू.

आधी कागद पक्का करा

नव्या उपचाराची चौकशी करणाऱ्या बऱ्याच घरांत मूळ निदानाचा कागदच अर्धवट असतो. फाइल उघडा आणि एचपीएलसीचा पहिला रिपोर्ट शोधा. त्यात ए, ए-टू, एफ आणि असला तर एस (सिकलसेलचं हिमोग्लोबिन), असे आकडे टक्क्यांत दिलेले असतात. खाली एक आलेख असतो, त्यातले उंचवटे म्हणजे हेच आकडे.

रक्त घेतल्याची तारीख आणि शेवटचं रक्त चढवल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून बघा. रक्त चढवल्यानंतर थोड्याच दिवसांत घेतलेला नमुना दिशाभूल करतो, कारण त्यात मुलाबरोबर रक्तदात्याचंही हिमोग्लोबिन मोजलं जातं. असा रिपोर्ट असेल तर आईवडील दोघांची एचपीएलसी आणि मुलाची डीएनए तपासणी करून घ्या.

विदर्भात, नंदुरबारकडे शिबिरांतून जी सोल्युबिलिटी तपासणी होते ती फक्त 'एस आहे' एवढंच सांगते. वाहकातही ती पॉझिटिव्ह येते आणि ग्रस्तातही. वाहकाचा 'एएस पॅटर्न' की ग्रस्ताचा 'एसएस पॅटर्न' हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसशिवाय ठरत नाही. आणखी एक प्रकार वरचेवर निसटतो: एका पालकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया मायनर. आईवडिलांपैकी एकाच्याच रक्तात एस सापडत असेल आणि मूल मात्र आजारी असेल, तर दुसऱ्या पालकाचा ए-टू बघा. तो साधारण ३.५ ते ४ टक्क्यांच्या वर असेल तर मुलाला 'सिकल-बीटा थॅलेसेमिया' असण्याची दाट शक्यता आहे. अंगात लोह कमी असलं की ए-टू खोटा कमी दिसू शकतो, तेही डॉक्टरांना विचारा.

मुंबईत आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे आणि तिचं एक केंद्र चंद्रपूरला आहे. गुंतागुंतीच्या निदानासाठी तुमच्या जिल्हा रुग्णालयाकडून तिथे पाठवणी मागता येते.

आज काय मिळतं, काय नाही

कॅसजेव्ही भारतात विक्रीला नाही. अमेरिकेत ते १२ वर्षांवरच्या सिकलसेल रुग्णांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये आणि नियमित रक्त लागणाऱ्या बीटा थॅलेसेमियासाठी जानेवारी २०२४ मध्ये मान्य झालं. तिथली जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे १८ कोटी रुपये. रुग्णालयाचा खर्च वेगळा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र आपल्या हिमॅटॉलॉजी केंद्रात जरूर विचारावं. इंग्लंडमध्ये एनएचएसने थॅलेसेमियासाठी २०२४ मध्ये आणि सिकलसेलसाठी २०२५ मध्ये, जुळता दाता नसलेल्या ठरावीक रुग्णांना ते देण्याचा मार्ग मोकळा केला आहे.

परिणाम खरोखर मोठा आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत पुरेसा काळ निरीक्षणाखाली असलेल्या ३० सिकलसेल रुग्णांपैकी २९ जणांना किमान वर्षभर तीव्र क्रायसिस, म्हणजे वेदनेचा झटका, आला नाही. थॅलेसेमियाच्या ३५ पैकी ३२ जणांना किमान वर्षभर रक्त लागलं नाही. ज्या घरात दर तीन आठवड्यांनी रक्तपेढीचा फेरा असतो, त्या घराला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बिरसा १०१ ची स्थिती वेगळी आहे. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने सिकलसेलसाठी तो विकसित केला आणि त्याचं तंत्रज्ञान सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवल्याची घोषणा झाली. तंत्रज्ञान सोपवलं याचा अर्थ उपचार उद्या रुग्णालयात मिळू लागला असा होत नाही. मधे चाचण्या आहेत, औषध नियंत्रकांची परवानगी आहे. शिवाय ती घोषणा सिकलसेलची होती, तेव्हा थॅलेसेमियाच्या पालकांनी ती आपल्यासाठी आहे असं धरून चालू नये. कमी खर्चात तो आणायचा उद्देश सांगितला गेला आहे, आणि तसं घडावं अशी माझीही मनापासून इच्छा आहे. पण त्याच्या भरवशावर आजची एक गोळीसुद्धा सोडू नका.

एफ वाढवणारं औषध तुमच्या जिल्ह्यात आहे

जनुकांना न कापताही एफ वाढवता येतं. हायड्रॉक्सियुरिया तेच करतं. सिकलसेलमध्ये त्याने क्रायसिस, छातीचे गंभीर झटके आणि रक्त चढवण्याची वेळ, तिन्ही कमी होतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत हे औषध आहे आणि सरकारी रुग्णालयात ते मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तीव्र त्रास असलेल्या मुलांना दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम अशा ठरावीक कमी मात्रेचाही चांगला उपयोग होतो, हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं आहे.

तरी कितीतरी घरांत ते अर्ध्यावर सुटतं. मेडिकलवाला सांगतो, "हे कॅन्सरचं औषध आहे," आणि आई घाबरते. ते काही रक्तकर्करोगांत वापरलं जातं हे खरं आहे, पण सिकलसेलमध्ये ते अनेक दशकं वापरात आहे आणि मुलांनाही दिलं जातं. लक्ष ठेवायचं ते या गोष्टींवर:

- सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि मात्रा बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी करा. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार उतरल्या तर डॉक्टर औषध थोडे दिवस थांबवतात. आपण होऊन थांबवू नका.
- दोन आठवड्यांत गुण दिसला नाही म्हणून सोडू नका. एफ वाढायला काही महिने लागतात.
- मूल होऊ द्यायचा विचार असेल तर, स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोला.

थॅलेसेमियात हायड्रॉक्सियुरियाचा उपयोग काही रुग्णांनाच होतो, मेजरमध्ये तर क्वचितच. काही केंद्रांत एफ वाढवण्यासाठी थॅलिडोमाइड देतात. त्याने काहींचं रक्त चढवणं कमी होतं, पण गर्भावर त्याचा परिणाम भयंकर होतो आणि रक्ताच्या गुठळ्यांचाही धोका असतो. वयात आलेल्या मुलीला ते लिहून दिलं असेल, तर गर्भधारणा टाळण्याबद्दल डॉक्टर स्पष्ट बोलले आहेत का, हे आईने स्वतः विचारून घ्यावं. ते चोरून, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आणून देणं तर अजिबात नको.

भावंडांची एचएलए तपासणी आधी

जुळत्या भावंडाच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हा आज भारतात हाताशी असलेला बरं करणारा उपचार आहे. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. लहान वयात, यकृत चांगलं असताना केलं तर थॅलेसेमियात त्याचं यश खूप चांगलं आहे. असा जुळता दाता उपलब्ध असलेल्या रुग्णांना कॅसजेव्हीच्या मुख्य चाचण्यांत घेतलंच नव्हतं. म्हणजे परदेशातसुद्धा डॉक्टरांनी आधी घरातला दाता शोधला. 'क्रिस्पर येतंय' म्हणून सात वर्षांच्या मुलाचं जुळतं प्रत्यारोपण लांबवणारे पालक त्याची सगळ्यात चांगली वर्षं घालवत आहेत, असं मला अगदी कळकळीने सांगायचं आहे.

प्रत्यारोपणाआधी धोका तीन गोष्टींवरून मोजतात: यकृत वाढलं आहे का, यकृतात जाळी धरली आहे का, आणि लोह उतरवण्याचं औषध नियमित घेतलं का. यातली तिसरी गोष्ट पूर्णपणे घराच्या हातात आहे आणि पहिल्या दोन बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून आहेत. डेफेरासिरॉक्स असो की डेफेरिप्रोन, फेरिटिनचे आकडे तारखेसह वहीत लिहा, आणि हृदय-यकृतातलं लोह मोजणारा टी-टू-स्टार एमआरआय कधी करायचा ते डॉक्टरांना विचारा. फेरिटिन तापातही वाढतं, त्यामुळे एका आकड्याने घाबरू नका किंवा निर्धास्तही होऊ नका.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर आई, वडील, भाऊ, बहीण, काका यांचं रक्त मुलाला चढवू नका. त्याने मुलाच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि पुढे त्यांच्याच पेशी नाकारल्या जाऊ शकतात. मायेपोटी रक्त द्यायला पुढे आलेल्या मामाला हे समजावून सांगा. त्याने दुसऱ्यासाठी रक्तदान करावं, तेही तितकंच मोलाचं आहे.

खर्चासाठी कुठे विचारायचं:

- कोल इंडियाची थॅलेसेमिया बालसेवा योजना. ठरावीक रुग्णालयांत, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत.
- मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी. अर्ज बहुधा रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांकडूनच नीट भरला जातो, म्हणून आधी त्यांना भेटा.
- बोरिवलीचं मुंबई महापालिकेचं केंद्र. तिथे थॅलेसेमियाच्या मुलांचं प्रत्यारोपण होतं.
- डीकेएमएस ही संस्था थॅलेसेमियाच्या कुटुंबांसाठी मोफत एचएलए शिबिरं घेते. तुमच्या पालक-संघटनेला तारीख विचारा.

जनुक-उपचार प्रत्यक्षात कसा होतो

'एकच इंजेक्शन' अशी बातमी वाचून मनात चित्र तयार होतं, ते चुकीचं आहे. शेवटी पिशवीतून पेशी चढवतात ते काम थोड्या वेळाचं, पण त्याच्या अलीकडे-पलीकडे मिळून वर्षाच्या आसपास काळ जातो.

१. पूर्वतयारी. सगळ्या अवयवांच्या तपासण्या होतात. सिकलसेलमध्ये पेशी काढण्याच्या आधी काही आठवडे रक्त चढवून किंवा बदलून एसचं प्रमाण खाली आणतात.

२. पेशी गोळा करणं. इंजेक्शनने मूळपेशी रक्तात उतरवून यंत्राने वेगळ्या करतात. सिकलसेलमध्ये इथे प्लेरिक्साफोर वापरतात. जी-सीएसएफ हे नेहमीचं इंजेक्शन सिकलसेल रुग्णाला धोक्याचं ठरू शकतं. पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत तर पुन्हा यावं लागतं, आणि बऱ्याच रुग्णांना यावं लागलं आहे. काही पेशी न बदलता राखून ठेवतात, नवीन पेशी रुजल्या नाहीत तर त्या परत द्यायला.

३. प्रयोगशाळेतलं काम. यात काही महिने जातात. या काळात रक्त, गोळ्या, सगळं पूर्वीसारखंच चालू राहतं.

४. बसल्फान. जुन्या मूळपेशी नष्ट करणारी ही केमोथेरपी चार दिवस चालते. सगळ्या प्रवासातला हा सगळ्यात अवघड टप्पा. तोंड येतं, केस जातात, पेशी शून्यावर येतात, यकृताच्या बारीक शिरा बंद होण्याचा धोका असतो. अशाच एका दुसऱ्या क्रिस्पर चाचणीत बसल्फानमुळे झालेल्या फुफ्फुसाच्या इजेने एक रुग्ण दगावल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं.

५. पेशी परत देणं आणि वाट पाहणं. महिना-दीड महिना रुग्णालयातल्या वेगळ्या खोलीत. पांढऱ्या पेशी यायला साधारण चार आठवडे, प्लेटलेट त्यानंतर.

६. पुढची वर्षं. १५ वर्षं पाठपुरावा. हा उपचार नवा आहे, त्याचे तीस वर्षांनंतरचे परिणाम अजून कुणी पाहिलेले नाहीत.

बसल्फानने वंध्यत्व येऊ शकतं. हे शेवटच्या सहीच्या वेळी कळू नये, म्हणून आत्ता लिहिते आहे. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू गोठवणं सोपं असतं. मुलीचं स्त्रीबीज गोठवायला सुमारे दोन आठवडे हार्मोनची इंजेक्शनं लागतात, आणि सिकलसेलमध्ये ती हिमॅटॉलॉजिस्टच्या देखरेखीखालीच घ्यायची. सतरा वर्षांच्या मुलीशी हे बोलताना आईवडील अवघडतात. तरी बोला. तिच्या शरीराबद्दलचा हा निर्णय तिच्या पाठीमागे होऊ नये. नेहमीच्या प्रत्यारोपणातही हाच प्रश्न येतो, तेव्हा तिथेही विचारा.

फसवणूक ओळखा

जिथे आशा मोठी असते तिथे तिचा बाजार मांडणारेही येतात.

- 'स्टेमसेल इंजेक्शनने थॅलेसेमिया बरा.' प्रत्यारोपण केंद्राबाहेर, केमोथेरपीशिवाय, दिवसभरात घरी सोडणारा असा कोणताही मान्य उपचार नाही. मूळपेशींच्या अशा व्यापारी वापराविरुद्ध आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचना आहेत.
- खासगी कॉर्ड ब्लड बँक. 'बाळाच्या नाळेचं रक्त ठेवा, त्याचा थॅलेसेमिया त्यानेच बरा होईल' असं सांगितलं तर ते साफ चूक आहे. त्या पेशींत तोच दोष असतो. निरोगी, जुळत्या भावंडाच्या नाळेचं रक्त मात्र उपयोगी पडू शकतं. घरात आजारी मूल असताना आई पुन्हा गरोदर राहिली, तर सही करण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला विचारा.
- 'नाव नोंदवा, पैसे भरा.' जनुक-उपचाराच्या प्रतीक्षायादीसाठी कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठा. चाचणीत रुग्णाकडून अभ्यासाच्या औषधाचे पैसे घेत नाहीत.
- औषध बंद करायला सांगणारा काढा. काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या. सिकलसेलचं हायड्रॉक्सियुरिया आणि थॅलेसेमियाचं रक्त मात्र थांबता कामा नये. लोहयुक्त टॉनिक थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला देऊ नका, मग ते 'नैसर्गिक' असलं तरीही.

चाचणीत घेतो म्हणाले तर

देशी उपचार आला तर तो पहिल्यांदा चाचणीच्या रूपात येईल, आणि विदर्भातल्या, सातपुड्यातल्या घरांना विचारणा होईल. तेव्हा गोंधळून जाऊ नका. २०१९ च्या नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांनी तुम्हाला हक्क दिले आहेत.

पहिला प्रश्न: "सीटीआरआय नंबर काय?" भारतातली प्रत्येक औषध-चाचणी या सरकारी नोंदवहीत असते आणि ती कुणालाही मोफत बघता येते. नंबरात वर्ष आणि महिना असतो. तो नसेल तर पुढे बोलू नका.

दुसरी गोष्ट, माहितीपत्रक तुमच्या भाषेत मागा. मराठी, गोंडी, भिली, जी घरात बोलता ती. ते घरी न्या, शिक्षकांना, आशाताईंना, ओळखीच्या डॉक्टरांना दाखवा. त्यात या ओळी बोट ठेवून शोधा: केमोथेरपी आहे का, वंध्यत्वाबद्दल काय लिहिलं आहे, पाठपुरावा किती वर्षं, प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी कोण देणार, इजा झाली तर कुणाला फोन करायचा. नैतिकता समितीचं नाव आणि संपर्क त्यात असायलाच हवा. सही केलेल्या संमतिपत्राची प्रत तुमच्याकडे राहते, ती मागून घ्या.

- चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क तुम्हाला आहे.
- कोणत्याही क्षणी बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. पण बसल्फान दिल्यानंतर माघार घेणं शरीराला परवडणारं नसतं. त्यामुळे मन बनवायचं ते त्याच्या आधी.
- मूल सात वर्षांवरचं असेल तर त्यालाही त्याच्या शब्दांत सांगून त्याचा होकार घ्यायचा असतो. बारा वर्षांपुढे तो लेखी.

संमती देणं म्हणजे डॉक्टरांवर उपकार नव्हे आणि नकार देणं म्हणजे अपमानही नव्हे. "साहेब नाराज होतील" या भीतीने कुणी सही करू नये.

तोवर जे तुमचंच आहे ते घ्या

- रक्त. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना बदली रक्तदाता न मागता मोफत रक्त द्यावं, असं राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचं धोरण आहे. अडवलं तर लेखी कारण मागा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार द्या. ल्युकोसाइट फिल्टर आणि आरएच-केल जुळणीबद्दलही विचारा.
- दिव्यांगत्व प्रमाणपत्र. २०१६ च्या कायद्यात हे तिन्ही आजार दिव्यांगत्वाच्या यादीत आहेत. यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. ४० टक्के किंवा अधिक प्रमाण ठरलं तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतल्या पाच टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. नोकरीतल्या चार टक्क्यांच्या राखीव गटांत मात्र रक्ताचे आजार नाहीत. हा अन्याय आहे असं मला वाटतं, पण आज कायदा तसा आहे.
- परीक्षा आणि प्रवास. सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्यांनी दहावी-बारावीला जादा वेळेसाठी शाळेमार्फत वेळेत अर्ज द्यावा. उपचारासाठी एसटीच्या सवलतीची चौकशी आगारात करावी. संजय गांधी निराधार योजनेबद्दल तहसील कार्यालयात विचारावं.

उपचार झाला तरी पुढच्या पिढीची तपासणी राहतेच

क्रिस्परने बरा वाटणारा तरुण लग्नाला उभा राहिला, तरी त्याच्या प्रत्येक मुलाला तो दोषाची एक प्रत देणारच. जोडीदार वाहक असेल तर प्रत्येक गर्भात आजाराची शक्यता निम्मी. दोघेही नुसते वाहक असतील तर चारात एक. म्हणून मुलाच्या सख्ख्या भावंडांची, मावस-चुलत-आतेभावंडांची एचपीएलसी लग्न ठरण्यापूर्वी करा. पत्रिकेसोबत हा कागदही दाखवायची पद्धत नागपूर-गडचिरोलीकडे काही घरांनी सुरू केली आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. वाहक असणं हा आजार नव्हे. वाहक मुलीचं लग्न मोडणं चूक आहे, तपासणी न करणं ही त्याहून मोठी चूक.

दोघे वाहक असलेल्या जोडप्याने पाळी चुकल्याचं कळताच डॉक्टर गाठावा. गर्भाची तपासणी वारेचा नमुना घेऊन साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते, आणि तिच्यासाठी आईवडील दोघांच्या जनुकातला नेमका बदल आधी माहीत असावा लागतो. तो शोधायला वेळ लागतो. त्यामुळे ती डीएनए तपासणी दिवस राहण्याची वाट न बघता लग्नानंतर लगेच करून, तिचा रिपोर्ट दोघांच्या आधार कार्डांसोबत एकाच फाइलमध्ये लावून ठेवा.